गॅरेज नावाचा ग्रह

सोमवार, ४ मार्च

आजपासून मी सेनापतींचा उजवा हात झालो. हा अलंकार नाही, वस्तुस्थिती आहे. सेनापती म्हणजे माझी ताई, आणि तिचा स्वतःचा उजवा हात कंपवातामुळे तिचं ऐकेनासा झाला आहे.

ताईने उभा जन्म लोकांना मोटार शिकवण्यात घालवला. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, बागेला लागतात. ही ताऱ्यांच्या लढाईला लागली. संगणकावरचा खेळ आहे. कुठकुठली माणसं एकाच नकाशावर येतात, ग्रह वसवतात, जहाजं बांधतात आणि एकमेकांच्या जिवावर उठतात. प्रत्येकाने दिवसभरात आपल्या जहाजांना आज्ञा भरून त्यावर मोहोर उमटवायची. संध्याकाळी सात वाजता सगळ्यांच्या आज्ञा एकदम अमलात येतात. याला फेरी म्हणतात. सातनंतर कपाळ बडवून उपयोग नाही.

ताईची चौघांची युती आहे. बाकीचे तिघे तिने कधी पाहिलेले नाहीत. एक दंतवैद्य आहे, एक जुळ्यांची आई आहे, आणि तिसरा कधीच काही लिहीत नाही म्हणून त्याला सगळे मुनी म्हणतात. ताईने आपल्या मुख्य ग्रहाचं नाव ‘गॅरेज’ ठेवलं आहे. जहाजांना परीक्षेत नापास झालेल्या शिष्यांची नावं. परवा तिचा हात थरथरला, टिचकी शेजारच्या ताऱ्यावर पडली, आणि ‘घाबरट कारकून’ नावाची युद्धनौका एकटीच हिरव्यांच्या, म्हणजे शत्रूच्या, गोटात जाऊन पोचली. परत आली नाही.

“पंडित, उद्यापासून माऊस तू धरायचा,” ताई म्हणाली होती. “मी सांगेन तिथे टिचकी. तेवढंच. भाष्य लिहायचं नाही.”

पंडित ही माझी घरातली पदवी. मी संस्कृत घेऊन एम.ए. झालो तेव्हा तिने उपरोधाने दिली आणि अजून परत घेतलेली नाही. पुढे मी पेपरात वार्ताहर झालो, त्यामुळे उपरोध काही वाया गेला नाही.

बुधवार, ६ मार्च

ताईची सेनापतीगिरी पाहून थक्क झालो. मला वाटलं होतं, ती युतीला व्यूह वगैरे रचून देत असेल. प्रत्यक्षात ती दिवसाला एक वाक्य पाठवते. आजचं वाक्य: “पूर्वेकडे धूर दिसतोय, जपून.” झालं. दंतवैद्याने उलट लिहिलं, “बाई, धूर कसला, तुमचा चष्मा पुसा.” आणि ज्याने त्याने आपल्याला वाटेल ते केलं.

नासाडी डोळ्यांना दिसत होती. दंतवैद्याची जहाजं इंधन जाळत उगाच फिरतात. जुळ्यांची आई दोन दोन दिवस ग्रहांकडे फिरकत नाही, बहुधा जुळी फिरकू देत नसतील. मी म्हटलं, “ताई, यांना कुणी सांगत कसं नाही?”

“सांगितलं ना. पूर्वेकडे धूर आहे.”

मग तिने तिचा आवडता विषय काढला. शिकाऊ गाडीला दोन ब्रेक असतात, दुसरा शिकवणाऱ्याच्या पायाखाली. “तो ब्रेक दाबायला कुणीही शिकेल. मला पगार मिळायचा तो न दाबण्याचा.” आणि तिने मागच्या सीटवर बसणाऱ्या बापांची नक्कल केली. मुलगी गाडी शिकतेय, बाप मागे बसलाय, आणि प्रत्येक वळणाला त्याचा पाय गाडीच्या तळावर दाबला जातोय. “तिथे ब्रेक नसतो रे. तरी बिचारे घरी जाऊन पोटऱ्या चोळत बसायचे.”

हसलो खूप. जेवताना तिच्या हातून आमटीची वाटी सांडली. उद्यापासून तिच्यासाठी कप ठेवायला हवा, कान असलेला.

शनिवार, ९ मार्च

न राहवून ताईला म्हटलं, “मला एकदा नीट करून बघू दे.” खेळात सोय आहे: युतीतले लोक आपली जहाजं सेनापतीच्या हवाली करू शकतात. मग सगळ्यांना तोच आज्ञा देतो.

ताईने चष्मा काढून पुसला. “बघ करून. त्यांना विचार मात्र.”

विचारलं. म्हणजे व्यवस्थित, मुद्देसूद पत्र लिहिलं. जुळ्यांच्या आईने आपली जहाजं लगेच दिली. तिला सुटका झाल्यासारखं वाटलं असावं. दंतवैद्य म्हणाला, “घ्या, पण परत करताना किडलेली देऊ नका.” मुनीने काहीच न लिहिता दिली. मौनं सर्वार्थसाधनम्.

वकिलीणबाई, म्हणजे माझी पत्नी, कोर्टातून आली तर मी कागदावर कोष्टकं आखत बसलेलो. म्हणाली, “यात तुला एवढी हलवाहलव कशाला करायचीय?” तिला मी स्थूणानिखनन न्याय समजावला. रोवलेला खांब मुद्दाम हलवून पाहायचा, म्हणजे तो आणखी घट्ट बसतो. आपल्याकडेही खुंटा हलवून बळकट करणं म्हणतातच.

ती म्हणाली, “हो, पण एकदा. रोज हलवलास तर खुंटा काय करेल?”

वकिलांना दृष्टांत कळतात, पण मर्यादेतच.

मंगळवार, १२ मार्च

तीन ग्रह घेतले! एकही जहाज न गमावता. कुठलं जहाज कुठून निघेल, वाटेत कुठे थांबेल, किती इंधन घेईल, सगळं मी ठरवलं. ग्रहांवरच्या शेतांपर्यंत लक्ष घातलं. दुपार त्यातच गेली, पण काय शिस्त! दंतवैद्याने लिहिलं, “मान गये.” ताईला दाखवलं तर म्हणाली, “छान.” तिच्या ‘छान’मध्ये काहीतरी कमी होतं, पण नवीन गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, त्याचा परिणाम असेल.

हीच शिस्त घरात का नको, असं मनात आलं. ताईचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. गोळ्या, चालणं, पाणी, विश्रांती. तिच्या खोलीतला उंच स्टूल काढला, कात्री काढली. एक छोटी बेल आणून दिली: उठायचं असेल तर वाजवायची, मी येईन, मग उठायचं. त्याआधी नाही.

“बाथरूमलासुद्धा?”

“मुख्य म्हणजे बाथरूमला.”

जानेवारीत ती आमच्याकडे आली ती नवीन औषधं अंगात मुरेपर्यंत, असं ठरलं होतं. ती अजून ‘मुरेपर्यंत’ म्हणते. मी हल्ली म्हणत नाही. आज तपासणीत डॉक्टर म्हणाले, औषधं छान लागू पडली आहेत, थोडी काळजी घेतली तर स्वतःच्या घरी राहायला हरकत नाही. ताईला बाहेर बसवून मी परत आत गेलो आणि त्यांना वस्तुस्थिती नीट समजावून सांगितली.

शुक्रवार, १५ मार्च

एक त्रुटी सापडली. प्रत्येक जहाजाला ‘स्वविवेक’ नावाची सोय आहे. हल्ला झाला आणि आज्ञा नसेल तर ते आपणहून लढतं किंवा माघार घेतं. काल मुनीच्या जहाजांनी असाच विवेक दाखवून माघार घेतली आणि माझी अख्खी रांग मोडली. मागे एकच हिरवं टेहळणी जहाज होतं!

सगळ्यांचा स्वविवेक बंद करून टाकला. आता आज्ञेशिवाय कुणी हलणार नाही.

ताईला सांगितलं. तिने विचारलं, “आणि तू नसलास तर?”

“मी कुठे जाणार आहे?”

ती खिडकीबाहेर पाहू लागली. समोरच्या गल्लीत एक शिकाऊ गाडी मागे घेत होते. तीनदा घेतली, तीनदा कुंपणाला लागली. ताईचे डोळे त्या गाडीवरून हलले नाहीत.

सोमवार, १८ मार्च

दलाल आज एका जोडप्याला घेऊन थेट घरीच आला. मी त्याला ऑफिसात बोलावलं होतं. ताईच्या घराची किल्ली हवी होती, जागा दाखवायला. मी महिनाअखेरीस ताईला सांगणारच होतो. बंद घर खराब होतं, नळ गंजतात, आणि एकदा भाडेकरू आला की तिचं मन इथे लागेल. रोगापेक्षा अधांतरी राहणं वाईट, असं माझं मत.

ताई दिवाणखान्यातच बसलेली. दलालाने तिलाच सांगितलं, “पहिल्या मजल्यावरची ती जागा, बाल्कनीवाली. पाहुण्यांना फार आवडेल बघा.”

ताईने त्या मुलीला विचारलं, “बाल्कनीचं दार दमट हवेत अडकतं. उचलून ढकलायचं. लक्षात राहील ना?”

“हो, काकू.”

ते गेल्यावर मला वाटलं, आता फुटेल. ती एवढंच म्हणाली, “किल्ली कुठे असते माझी?”

“सुरक्षित आहे.”

“बरं.”

मी सगळी कारणं क्रमाने सांगितली. तिने सगळी ऐकली. वाद घातला नाही. शेवटी तिलाही पटलं असावं.

गुरुवार, २१ मार्च

संपादकांचा फोन. माझा मजकूर सलग तीन दिवस उशिरा पोचला, आणि शिवाय सोबत स्वल्पविराम कुठे हलवू नयेत याची यादी. म्हणाले, “तुम्ही बातमी द्या, पान आम्ही लावतो.” माणसं हल्ली फार हळवी झाली आहेत.

युतीच्या पानावर शुकशुकाट आहे. पूर्वी दंतवैद्य आणि जुळ्यांची आई दिवसभर एकमेकांना टोमणे मारायचे. आता काम सुरळीत चालल्यावर बोलायचं तरी काय?

ताईही शहाण्यासारखी वागते. वेळापत्रक बिनचूक पाळते. विचारल्याशिवाय उठत नाही. आज्ञा भरताना तिचं मत विचारलं तर म्हणते, “तू म्हणशील तसं.” घरात इतकी शांतता कित्येक वर्षांत नव्हती.

रविवार, २४ मार्च

काल लिहिणं झालं नाही. ताई पडली. डावं मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. डोक्याला आत काही नाही, देवाची कृपा.

संध्याकाळची वेळ. हिरवे दोन बाजूंनी चालून येत होते आणि माझी शेवटची रांग भरायची राहिली होती. तेवढ्यात ताईची बेल वाजली. “दोन मिनिटं, ताई,” मी ओरडलो. बेल पुन्हा वाजली नाही, म्हणून मला वाटलं, घाई नसावी. नंतर आवाज आला तो बेलचा नव्हता.

वकिलीणबाईंनी गाडी काढली. मी मागे ताईचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. फडकं लाल होत होतं. सिग्नलला ताई डोळे मिटूनच म्हणाली, “क्लच अर्धवट सोडतेयस, वहिनी.” तेव्हा जिवात जीव आला.

मनगटाला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? ताई म्हणाली, “बराच वेळ बसून होते. पाय धरले. उठले तर खाली पायच नव्हते.”

“मग आधी नाही का उठायचं?”

“आधी उठायचं नव्हतं,” ताई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. का ते कळलं नाही. मी तर शेजारच्याच खोलीत होतो.

घरी आल्यावर तिला झोपवलं. मग आठवलं. आज्ञा भरलेल्या होत्या, मोहोर उमटवायची राहून गेली होती.

सोमवार, २५ मार्च

सगळं गेलं. जिंकलेले ग्रह गेले, त्याआधीचे गेले. जहाजं जिथल्या तिथे उभी राहिली, आणि हिरव्यांनी एकेक करून उडवली. नकाशावर मागे जाऊन फेरी पाहता येते. मी पाहिली. आपली जहाजं पळाली नाहीत, लढली नाहीत, वळलीसुद्धा नाहीत. रांग शेवटपर्यंत सरळ होती.

गॅरेज तेवढं उरलं, ते सगळ्यात आत आहे म्हणून.

दंतवैद्याने लिहिलं होतं, “आमच्या खुर्चीत माणूस भूल देऊन बसवतात, पंडितजी. तुम्ही जहाजांना दिलीत.” जुळ्यांच्या आईने ताईची चौकशी केली होती, माझी नाही. आणि त्याखाली मुनी. त्याचे पहिलेच शब्द:

“मला ते येताना दिसत होते. जहाजं माझीच होती. पण मला हलता येत नव्हतं.”

मी हे ताईला वाचून दाखवलं. ती उशीला टेकून बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर. म्हणाली, “मुनीचं परत वाच.”

वाचलं.

“परत.”

तिसऱ्या वेळी मध्येच थांबून नाक पुसावं लागलं. सर्दी होणार बहुतेक.

“त्याला लिही,” ताई म्हणाली, “मला कळलं.”

“एवढंच?”

“पुरे आहे.”

बेल टेबलावर होती. तिच्या उजव्या हाताच्या थरथरीने टेबल हलायचं आणि बेल आपोआप किणकिणायची, अगदी बारीक. हे मी इतक्या दिवसांत ऐकलं नव्हतं. मी बेल उचलून खिशात टाकली, आणि खोलीबाहेर पडलो तरी ती पावलागणिक खिशात वाजत राहिली.

बुधवार, २७ मार्च

उरलीसुरली जहाजं ज्याची त्याला परत केली. स्वविवेक चालू केला. माफीचं पत्र लिहिलं, पहिला खर्डा चार पानी झाला, वकिलीणबाईंनी वाचून म्हटलं, “यात माफी कुठल्या कलमाखाली आहे?” मग दोन ओळींचं पाठवलं.

ताईने आज वाक्य सांगितलं, मी टाइप केलं: “गॅरेज राहिलं पाहिजे. कसं ते तुम्ही बघा.”

त्यानंतर दिवसभर मी हात मांडीखाली दाबून बसलो. दंतवैद्याने आपली निम्मी जहाजं भलत्याच ठिकाणी नेली. मुनी तर सगळी घेऊन नकाशाच्या कडेला नाहीसाच झाला. “पळाला तो!” मी म्हणालो.

“असेल,” ताई म्हणाली. “त्याचीच आहेत.”

सात वाजले. दंतवैद्याची दोन जहाजं फुकट गेली. जुळ्यांच्या आईने, कुणी न सांगता, आपली सगळी गॅरेजभोवती आणून उभी केली होती. गॅरेज राहिलं. दंतवैद्याने लिहिलं, “बाई, दोन सुळे पडले, दाढ वाचली.” जुळ्यांच्या आईने उत्तर दिलं, “तुमचे सुळे पडतात याचं नवल नाही, तुम्ही इतरांचे बघता.” पानावर पुन्हा गलका.

ताई हसली. कपाळाचा टाका ताणला गेला म्हणून कळवळली, आणि तरी हसली. हे हसणं गेल्या कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं, हेही माझ्या आत्ताच लक्षात येतंय.

दलालाचे फोन येत होते. त्याला काय सांगू, असं मी वकिलीणबाईंना विचारलं. ती ताट पुसत होती. “मला काय विचारतोस? घरमालकीण पलीकडच्या खोलीत बसलीय.”

गेलो. दारात उभं राहून म्हटलं, “ताई, तुझ्या घराचं काय करायचं?”

तिने प्लास्टरचा हात मांडीवर सरकवला. 

“हे तू मला पहिल्यांदा विचारतोयस,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मला घरी जायचंय, बाळ.”

कित्येक वर्षांत तिने मला पंडितऐवजी दुसरं काही म्हटलं नव्हतं.

“आणि पडलीस तर?”

“पडेन. इथेही पडलेच ना? तू येत जा. रोज ये हवं तर. फक्त दारावरची बेल वाजवून ये.”

शनिवार, ३० मार्च

ताईने फोन करून स्वतःच सगळं ठरवलं. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतले, खालच्या मजल्यावरची शिंपीण सकाळ-संध्याकाळ डोकावणार. माझ्याकडे तीन सूचना होत्या. एक बोललो. दोन गिळल्या.

दलालाला नकार कळवला. तो म्हणाला, ती पाहुणी मुलगी फार हळहळली. बाल्कनीचं दार उचलून ढकलायचं हे तिने पाठ करून ठेवलं होतं.

जिना चढताना ताई कठड्याच्या बाजूने होती. मी मागे, दोन्ही हातांत पिशव्या. पिशव्या मी मुद्दाम दोन्ही हातांत घेतल्या होत्या. पहिल्या वळणावर ती थांबली, श्वास घेतला, आणि मी काही म्हणायच्या आत वर निघाली. कुठेतरी सात वाजल्याचे टोले पडले. फेरी झाली असणार. गॅरेज आहे की गेलं, मुनी परत आला की नाही, आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं आणि दोघांनीही विचारलं नाही.

दारासमोर तिने किल्ली काढली. कालच मी ती तिच्या हातात दिली होती. माझ्या कपाटात ती कागदात गुंडाळून, वर ‘ताई: घर’ असं लिहून ठेवलेली होती. डावा हात प्लास्टरमध्ये, म्हणजे थरथरणाराच हात उरला. किल्ली कुलपाच्या भोकाशी गेली आणि बाजूला घसरली. पुन्हा गेली, पुन्हा घसरली. पितळेवर बारीक टकटक सुरू झाली. ती थांबायची, हात खाली घ्यायची, परत उचलायची. माझ्या हातांतल्या पिशव्यांचे बंद बोटांत रुतत होते. मी भिंतीकडे पाहिलं, मग छताकडे, मग परत किल्लीकडे. घशाशी एक अख्खं वाक्य आलं होतं, कर्ता, कर्म, क्रियापदासकट. ते तिथेच ठेवलं.

मग किल्ली आत गेली. कुलूप फिरलं. दार कुरकुरत उघडलं आणि आतून बंद घराचा, जुन्या कपड्यांचा, तिच्या घराचा वास आला.

ताई उंबऱ्याच्या आत गेली, भिंतीला हात लावून उभी राहिली. मागे वळून पाहिलं नाही. म्हणाली,

“आत ये, पंडित. आणि आता पाय उचल. तिथे ब्रेक नाहीये.”

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय फरशीवर इतका घट्ट दाबलेला होता की पोटरीत गोळा आला होता.